शिक्का जुळला म्हणजे इंजिन अस्सल?

जुनी गाडी घ्यायची असली की आपल्याकडचा जाणता माणूस आधी आरसी बुक मागतो. मग चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, इंजिन नंबरावरचं तेलकट किटण पुसून आकडे वाचतो, आणि दोन्ही कागदाशी जुळले की मान डोलावतो. आरटीओचं काम तेवढ्याने भागतं, कारण सरकारचा प्रश्न छोटा असतो: कागदावरची गाडी ती हीच का? अमेरिकेतल्या जुन्या 'मसल कार'च्या बाजाराने मात्र याच तपासणीच्या डोक्यावर फार मोठ्या प्रश्नाचं ओझं दिलं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडताना या गाडीत जे इंजिन होतं तेच आजही आहे का, याचा निकाल तिथे दोन आकडे शेजारी ठेवून लावतात. जुळले तर गाडी 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे अस्सल. न जुळले तर गाडी बाटलेली. लिलावाच्या कॅटलॉगात हे दोन शब्द पहिल्या ओळीत येतात आणि बोली तिथूनच चढायला लागते.

हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. शिक्का जुळला म्हणून इंजिन अस्सल ठरत नाही, आणि न जुळला म्हणून गाडी खोटी ठरत नाही. पण खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. दुबळा करून पाडलेला प्रतिपक्ष हा आपल्या वादपरंपरेत विजय मानलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंची इंजिन बसवून घ्यायची सोय 'जीटीओ' या नावाने दिली. त्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. जीटीओ ही वेगळी गाडी नाहीच, ती गिऱ्हाइकाने मागून घेतलेली जोडणी आहे, अशी पळवाट काढून पॉन्टिअ‍ॅकमधल्या जॉन डिलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो दंडक चुकवला. पुढच्या सात-आठ वर्षांत शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ सगळेच या चढाओढीत उतरले. विम्याचे वाढते हप्ते, धुरावरचे निर्बंध आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो खेळ संपवला.

आजच्या वादाचं बीज त्या पळवाटेतच आहे. गाडी साधी, इंजिन तेवढं दांडगं. १९७० ची शेव्हेल मालिबू घ्या. ३०७ घनइंची गरीब इंजिनाची असो, नाहीतर ४५४ घनइंची, ४५० अश्वशक्तीच्या 'एलएस६'ची, दोन दारी बंद टपाच्या दोन्ही गाड्यांचा चेसिस क्रमांक १३६३७ असाच सुरू होतो. क्रमांक एवढंच सांगतो की गाडी शेव्हरोलेची मालिबू आहे आणि इंजिन आठ सिलिंडरांचं आहे. कोणतं आठ सिलिंडरांचं, ते सांगत नाही. शेव्हरोलेच्या चेसिस क्रमांकात इंजिनाचं अक्षर आलं ते १९७२ च्या मॉडेलपासून, म्हणजे जत्रा उठल्यावर. तोच पत्रा, तीच दारं, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात १९७१ ची, 'हेमी' इंजिनाची एक प्लिमथ 'कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. तशा गाड्या अकराच बनल्या असं मानतात. जिथे एका इंजिनापायी एवढा पैसा हलतो, तिथे 'हे इंजिन याच गाडीचं' या वाक्याची किंमत काय होईल, ते सांगायला नको.

आता पूर्वपक्ष. १९६८ च्या मॉडेलपासून अमेरिकी कारखाने गाडीच्या क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर ठोकू लागले. मुख्य हेतू चोरीला आळा घालण्याचा. १९६९ च्या कॅमारोचा डॅशबोर्डवरचा क्रमांक १२४३७९एन५००००१ असा असेल, तर १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरांची कॅमारो, ३७ म्हणजे बंद टपाची, ९ म्हणजे १९६९ चं मॉडेल, 'एन' म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना, आणि पुढचे सहा आकडे म्हणजे अनुक्रम. याचाच संक्षेप, १९एन५००००१, ब्लॉकवर सापडला पाहिजे. पूर्वपक्ष म्हणतो: हा शिक्का विकणाऱ्याने मारलेला नाही, कारखान्याने मारला आहे. तो बोलघेवडा नाही, त्याला स्मरणभ्रंश होत नाही, आणि तो तपासायला विद्वान लागत नाही. माणसं खोटं बोलतील, लोखंड बोलणार नाही.

युक्तिवाद वजनदार आहे. त्याचं वजन ओळखूनच त्याची परीक्षा करू.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. 'शिंगं असलेलं जनावर म्हणजे गाय' म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'तांबडं जनावर म्हणजे गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एका खुराचं जनावर म्हणजे गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. 'शिक्का जुळणं हे अस्सल इंजिनाचं लक्षण' या व्याख्येला हे तिन्ही दोष लागतात. एकेक पाहू.

अतिव्याप्ती आधी. शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरी इंजिनात शिक्क्याची जागा उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठावर असते. हेच ते पृष्ठ, ज्यावर हेड बसतं. इंजिन उघडून नव्याने बांधताना हे पृष्ठ सपाट करायला मशीनवर घालतात, आणि त्या एका हाताबरोबर जुना शिक्का गुळगुळीत पुसला जातो. ही लबाडी नाही, साधं गॅरेजचं काम आहे. पण कोऱ्या झालेल्या त्या दोन बोटं जागेवर पुन्हा काय ठोकायचं, हे ठोकणाऱ्याच्या मनावर असतं. अक्षरांचे ठसे बाजारात मिळतात. दुसऱ्या गाडीचा ब्लॉक आणा, पृष्ठ घासा, डॅशबोर्डवरचा क्रमांक बघून ठोका, आणि आकडे तंतोतंत जुळतील. जुळणारच, कारण ते जुळवण्यासाठीच ठोकले आहेत. नैयायिक याला अनैकान्तिक हेतू म्हणतील: जो अग्नी असतानाही दिसतो आणि नसतानाही दिसतो, त्या धुरावरून अग्नीचं अनुमान करता येत नाही.

यावर पूर्वपक्षी दोन उत्तरं देतो. एक, अमेरिकेत गाडीचे ओळख क्रमांक बदलणं हा फेडरल गुन्हा आहे. मान्य. पण कायदा असणं हा गुन्हा न घडल्याचा पुरावा कधीपासून झाला? दोन, अनुभवी डोळ्याला बनावट शिक्का कळतो. हे उत्तर खरं आहे, आणि त्यानेच पूर्वपक्षाचा पाया उखडतो. तो डोळा काय पाहतो, ते पाहा. शेव्हरोलेच्या कारखान्यात हे पृष्ठ एका लांब दातेरी हत्याराने एका दमात कापलं जाई. त्याच्या बारीक समांतर रेघा ब्लॉकच्या लांबीच्या दिशेने धावतात. गॅरेजमधलं फिरतं पातं किंवा दगड कमानीसारखे ओरखडे ठेवतो. जाणकार आकड्यांच्या आधी आकड्यांखालच्या या रेघा पाहतो. मग तो दोन शिक्क्यांचे हात पाहतो. इंजिनाचा स्वतःचा शिक्का इंजिनाच्या कारखान्यात बसे, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला किंवा मिशिगनमधल्या फ्लिंटला. गाडीच्या क्रमांकाचा शिक्का बसे गाडी जोडणाऱ्या कारखान्यात, उदाहरणार्थ नॉरवुडला. दोन गावं, दोन दिवस, दोन माणसं, दोन संच. दोन्ही शिक्के एकाच खोलीचे, एकाच वळणाचे, एकाच ओळीत शिस्तीत उभे दिसले तर शंका घ्यायची. म्हणजे अस्सलपणाचा निर्णय इथे दिला कोणी? हत्याराच्या रेघांनी आणि हातांच्या फरकाने. आकडे जुळण्याचा त्यात वाटा नाही. आणि आता तर कारखान्यासारख्या रेघा पुन्हा ओढून देणारे कारागीरही तयार झाले आहेत, त्यामुळे रेघ हीसुद्धा एकटी पुरत नाही.

त्या शिक्क्यात आणखी एक मौज आहे. टोनावांडाहून आलेल्या एलएस६ इंजिनावर 'टी०२१२सीआरव्ही' असं काही दिसतं. टी म्हणजे टोनावांडा, ०२१२ म्हणजे १२ फेब्रुवारी, सीआरव्ही म्हणजे हातगिअरच्या शेव्हेलसाठीचं एलएस६. यात साल कुठे आहे? नाही. महिना आहे, दिवस आहे, साल नाही. ज्याला लोक इंजिनाचा जन्मदाखला म्हणतात, त्यावर जन्मसालच लिहिलेलं नाही.

आता अव्याप्ती. शिक्का जुळत नाही, तरी गाडी पूर्ण खरी आहे, असं होतं का? सर्रास होतं. या गाड्या कशासाठी घेतल्या जात, हे विसरून चालणार नाही. शनिवारी रात्री लाल दिव्याशी उभं राहून शेजारच्या गाडीला आव्हान द्यायचं, रविवारी पाव मैलाच्या पट्टीवर पळवायची, आणि सोमवारी इंजिन फोडलेलं घेऊन डीलरच्या दारात उभं राहायचं. वॉरंटीच्या मुदतीत कंपनी नवा ब्लॉक देई. त्यावर गाडीचा क्रमांक नसे. कधी जागा कोरीच असे, कधी शेव्हरोलेच्या बदली ब्लॉकवर 'सीई' ही अक्षरं, सालाचा एक आकडा आणि पुढे अनुक्रम ठोकलेला असे. पहिल्याच वर्षी कंपनीनेच दिलेला ब्लॉक तेव्हापासून आजवर वागवणारी गाडी 'न जुळणारी', आणि गेल्या वर्षी कुणाच्या तरी शेडमध्ये ठोकलेला शिक्का मिरवणारी गाडी 'जुळणारी'. लक्षणाने खऱ्याला बाहेर काढलं आणि खोट्याला आत घेतलं.

याहून बोलकं उदाहरण पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गच्या डॉन येन्को या डीलरचं. कॅमारोत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायला जनरल मोटर्सची मनाई होती. १९६७ साली येन्कोने कारखान्यातून आलेल्या कॅमारोतलं इंजिन काढून स्वतःच्या गॅरेजात ४२७ घनइंची इंजिन बसवून त्या विकल्या. आज 'येन्को कॅमारो' म्हणून लोक जिच्यासाठी जीव टाकतात ती हीच. आता विचारा: अशा गाडीत नॉरवुडला बसवलेलं, क्रमांक जुळणारं मूळ इंजिन सापडलं तर काय सिद्ध होईल? एवढंच, की हिच्यात येन्कोचं इंजिन नाही. इथे शिक्का जुळणं हाच नसण्याचा पुरावा झाला. (१९६९ साली 'कोपो' या खास मागणीच्या वाटेने ४२७ इंजिन कारखान्यातच बसू लागलं, तेव्हा चित्र पुन्हा पालटलं. म्हणजे एकाच डीलरच्या एकाच नावाच्या गाड्यांना दोन वर्षांच्या अंतराने दोन उलटे नियम.)

तिसरा दोष असंभवाचा. १९६८ च्या आधीच्या कित्येक गाड्यांच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक मुळात ठोकलेलाच नाही. पहिल्या वर्षांच्या पॉन्टिअ‍ॅकवर इंजिनाचा स्वतंत्र अनुक्रम आहे, आणि तो गाडीशी जोडता येतो फक्त कंपनीच्या त्या वेळच्या बिलाच्या नोंदीवरून. तरीही १९६५ ची जीटीओ 'मॅचिंग नंबर्स' म्हणून विकायला येते. तेव्हा विकणाऱ्याला एकच प्रश्न नम्रपणे विचारावा: काय कशाशी जुळलं?

इतका मार खाल्ल्यावर पूर्वपक्ष कूस बदलतो. बरं, ठोकलेला शिक्का बनावट असू शकतो. पण ओतीव आकडे तर लोखंडाबरोबरच जन्मलेले असतात ना? ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड ओतताना साच्यातच जो क्रमांक असतो, तो उठावदार येतो. तो तर खोटा नाही?

बहुधा नाही. पण तो काय सांगतो, ते समजून घ्यायला हवं. ओतीव क्रमांक कुळाचा असतो, व्यक्तीचा नाही. शेव्हरोलेचा ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून जवळजवळ दहा वर्षं ओतला गेला. तो ३०२ घनइंची कॅमारो झेड/२८ मध्ये आला, ३२७ मध्ये आला, ३५० मध्ये आला. मोटारीत आला आणि मालवाहू पिकअपमध्येही आला. 'शून्य-एक-शून्य म्हणजे चार बोल्टचा मजबूत ब्लॉक' ही बाजारातली पक्की समजूत. प्रत्यक्षात तोच क्रमांक दोन बोल्टच्या ब्लॉकवरही आहे, आणि खरं काय ते खालचं तेलपात्र उतरवल्याशिवाय कळत नाही. हेडचंही तसंच. टोकाला उंटाच्या दोन मदारींसारखी खूण असली की 'रेसचं हेड, मोठ्या व्हॉल्व्हचं' असं छातीठोकपणे सांगतात. ३९२७१८६ क्रमांकाचं मदारींचं हेड झेड/२८ वर २.०२ इंची व्हॉल्व्हसह आलं आणि साध्या ३५० वर १.९४ इंचीसहही. हेड काढून मोजपट्टी लावल्याखेरीज वाद मिटत नाही.

फोर्डच्या बाबतीत घोटाळा वेगळा. तिथे 'सी९झेडई' अशी अक्षरं दिसतात: सी म्हणजे साठचं दशक, ९ म्हणजे १९६९, झेड म्हणजे मस्टँग, ई म्हणजे इंजिन विभाग. नवशिक्या यावरून भागाचं साल ठरवतो. पण ते साल आराखड्याचं आहे, ओतण्याचं नाही. १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ वर 'सी८एफई'ने सुरू होणारा ब्लॉकच बरोबर आहे. साल जुळत नाही म्हणून तो फेकणारा माणूस अस्सल माल भंगारात घालतो आहे.

मग उरतात ओतण्याच्या तारखा. इथे पुरावा खरोखर मोलाचा होतो, पण वाचता आला तर. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर 'बी १४ ९' असलं तर तो १४ फेब्रुवारीला ओतला, साल ९ ने संपणारं. कोणतं? ब्लॉक ३९७००१० असेल तर १९६९ सुद्धा आणि १९७९ सुद्धा. एकट्या आकड्याला दशक ठाऊक नसतं. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ए ते एल अशी बारा अक्षरं बारा महिन्यांना सलग लावलेली. फोर्डने 'आय' गाळून ए ते एम घेतली. म्हणून 'जे' हे अक्षर शेव्हरोलेवर ऑक्टोबर आणि फोर्डवर सप्टेंबर. क्रायस्लरमध्ये चेसिस क्रमांकाचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, पण तेही दरवर्षी एका अर्थाला बांधलेलं नाही: 'जे' १९६९ साली ४२६ हेमी होतं, १९७० साली तीन कार्ब्युरेटरांचं ३४० झालं आणि हेमीला 'आर' मिळालं. कोष्टक पाठ करून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

तारखांचा खरा उपयोग क्रम तपासण्यासाठी. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी उभी राहते. हा क्रम उलटू शकत नाही. गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली आणि ब्लॉक मेमध्ये ओतलेला असेल, तर शिक्का कितीही सुबक जुळो, खटला तिथे संपला. होलीच्या कार्ब्युरेटरवर '९२३' असेल तर १९६९ चा फेब्रुवारी, तिसरा आठवडा. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर तीन आकडे वर्षातल्या दिवसाचे आणि चौथा सालाचा. यातला एखादा भाग गाडीनंतर जन्मला असेल, तर तो या गाडीबरोबर आलेला नाही, एवढं निर्विवाद. पण तारीख बरोबर बसली म्हणून तो याच गाडीचा, हे मात्र निघत नाही. पेन्सिल्व्हेनियात हर्शी आणि कार्लाइलला जुन्या भागांचे मोठे बाजार भरतात. तिथे योग्य आठवड्याचा कार्ब्युरेटर आणि योग्य महिन्याचा डिस्ट्रिब्युटर शोधत लोक दिवसभर टेबलं धुंडाळतात, आणि पैसे मोजले की मिळतोही. म्हणून तारखेचं सामर्थ्य एकेरी आहे. ती खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही. सगळीच्या सगळी तारीखवार जुळणारी गाडी पाहिली की माझी शंका उलट वाढते. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टार्टर हे झिजणारे भाग. वापरलेल्या गाडीत पन्नास वर्षं ते सगळेच्या सगळे टिकले, यावर विश्वास ठेवायला भाबडेपणा लागतो.

खंडन इथे पुरं झालं. आता मंडन. शिक्का नको, क्रमांक पुरत नाही, तारीख एकेरी. मग अस्सल इंजिन ओळखायचं तरी कसं?

आपल्याकडे या प्रश्नाचा अभ्यास या इंजिनांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोणत्याही एका पोथीवर केवळ तिच्या पुष्पिकेतल्या, म्हणजे शेवटच्या नोंदीतल्या, शकावरून विश्वास टाकला नाही. कारण पुष्पिकेतला शक नकलाकार मूळ पोथीवरून जसाच्या तसा उतरवूही शकतो. शिक्का म्हणजे ब्लॉकची पुष्पिका. पोथी कधीची, हे तिचा कागद, तिची लिपी, तिच्या चुका आणि इतर पोथ्यांशी तिचं नातं, हे सगळं एकत्र ठेवून ठरतं. मोडी कागद पारखणारेही अक्षराचं वळण, शाई आणि तारखेची कालगणना एकमेकांना धरून आहेत का ते बघतात. मोर्तब आहे म्हणून कागद अस्सल, असं म्हणणारा दफ्तरात टिकत नाही.

हीच पद्धत इंजिनाला लावली तर पुराव्याची उतरंड अशी लागते. पहिली चाळणी तारखांच्या क्रमाची, कारण ती अशक्य ते बाहेर काढते. दुसरी धातूच्या पृष्ठाची: रेघा, शिक्क्याचे दोन हात, ओतीव तारखेभोवतालचा वाळूचा खरबरीतपणा. ती तारीख घासून तिथे नवे आकडे डकवण्याचे प्रकारही होतात, म्हणून भोवतीचं पोत सलग आहे का ते बोट फिरवून पाहायचं. तिसरी चाळणी गाडीबाहेरच्या कागदाची, जो विकणाऱ्याच्या हातून आलेला नाही: पॉन्टिअ‍ॅकच्या बिलांच्या नोंदी, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, कॅनडात विकलेल्या शेव्हरोलेंसाठी जनरल मोटर्स कॅनडाचं दफ्तर. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंची तशी नोंद बहुतांशी उरलेली नाही, आणि बनावटगिरीचं पीक तिथेच जास्त आहे. हा योगायोग नव्हे. गाडीतच सापडणारा कागद याहून खालचा. क्रायस्लरच्या गाड्यांत सीटच्या स्प्रिंगांमध्ये जोडणीचा तक्ता सापडतो, पण कामगारांनी तो कधी शेजारच्या गाडीचाही कोंबलेला असतो.

चौथी कसोटी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि बाजार तिच्याकडे सगळ्यांत कमी पाहतो. साक्षीची विश्वासार्हता तिच्या बाजारभावाच्या उलट असते. ज्या दोन बोटं जागेवर लाखो डॉलर अवलंबून आहेत, तो साक्षीदार फितवायला सगळ्यांत मोठं कारण आहे. याउलट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरचा तोच संक्षिप्त क्रमांक पाहायला फारसं कुणी गाडीखाली सरपटत नाही. अल्टरनेटरची कंस-पट्टी, बेलहाउसिंग, स्टार्टरचा आधार, इंजिनाच्या रंगाचे शेजारच्या भागांवर उडालेले शिंतोडे, एकही बोल्ट कधी न फिरल्याच्या खुणा: या गोष्टी खोट्या करायला कुणाला वेळ नव्हता, कारण त्यांना भाव नव्हता. त्या एकमुखाने बोलल्या तर त्यांचं ऐकायचं. शिकागोजवळच्या रोझमाँटला दर नोव्हेंबरात मसल कारचं जे मोठं प्रदर्शन भरतं, त्यात न उघडलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांभोवती अभ्यासक गर्दी करतात ते याचसाठी. त्या गाड्या देखण्या नसतात. पण बाकीच्या गाड्यांचा न्याय करायला मापं तिथेच मिळतात.

यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. सामान्य गिऱ्हाइकाने हे सगळं कुठे तपासत बसायचं? आकडा निदान सोपा तरी आहे. मला हे पटतं, पण सोपेपणा आणि सत्य यांची गल्लत करायला मी तयार नाही. सोपं हवं असेल तर भाषा सोपी आणि नेमकी करू. आज 'मॅचिंग नंबर्स' या दोन शब्दांत तीन वेगळे दावे कोंबले आहेत. एक, हे इंजिन याच गाडीबरोबर जन्मलं. दोन, हे त्या गाडीचं नाही, पण त्याच काळातलं, तारखेला धरून आहे. तीन, हे फक्त त्या जातीचं इंजिन आहे. पहिल्याला जन्माचं इंजिन म्हणा, दुसऱ्याला काळाचं, तिसऱ्याला जातीचं. तिन्ही प्रामाणिक असू शकतात आणि तिन्हींना आपापली किंमत आहे. फसवणूक होते ती तिसऱ्याला पहिल्याच्या भावाने विकताना, आणि त्या विक्रीला 'मॅचिंग' या सैल शब्दाचा आडोसा मिळतो.

ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉईटच्या उपनगरांत मोटारधंद्यात आयुष्य काढलेली मराठी माणसं राहतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा त्यांतली काही रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात, आणि एखाद्याला निवृत्तीनंतर अशी गाडी घ्यायचा मोहही होतो. त्यांना आणि अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढंच सांगणं: विकणाऱ्याने 'मॅचिंग नंबर्स' म्हटलं की तीनपैकी कोणता दावा ते कागदावर लिहून मागा, ब्लॉकची ओतीव तारीख, इंजिनाचा शिक्का आणि गाडीची तारीख एकाखाली एक मांडा, मग गाडीखाली शिरा आणि गिअरबॉक्स वाचा. पेन्सिल आणि कागद जरूर न्या. फक्त छाप जुळल्यावर तपासणी संपली असं समजू नका. तिथून ती सुरू होते.